चौकटींमागे दडलेले उत्तर

शब्दकोड्याचे सर्व चौकोन भरले की आपण पेन्सिल खाली ठेवतो. काही कोड्यांत मात्र खरा शोध तेथूनच सुरू होतो. भरलेल्या अक्षरांत आणखी एक उत्तर दडलेले असते. ते शोधताना कोणते पथ्य पाळावे, हे एका प्राचीन लॅटिन शब्दचौकटीवरून समजून घेऊ या.

रोतास, ओपेरा, तेनेत, आरेपो, सातोर. लॅटिनमध्ये स्वरही सुटे लिहितात. म्हणून प्रत्येक शब्द पाच अक्षरांचा. एकाखाली एक मांडले की ते चारही दिशांनी सारखेच वाचता येतात. विसाव्या शतकात अभ्यासकांना आढळले की या २५ अक्षरांतून 'पातेर नोस्तेर', म्हणजे 'आमच्या बापा', हे शब्द आडवे व उभे, मध्ये एकच 'न' ठेवून, क्रुसाकारात मांडता येतात. उरतात दोन 'अ' आणि दोन 'ओ' : अल्फा व ओमेगा!

हे वाचून आम्हांसही आनंद झाला. परंतु १९३६ साली हीच चौकट पाँपेई येथील एका स्तंभावर सापडली. ते नगर इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले. इतक्या लवकर तेथे लॅटिनमधून प्रार्थना करणारे, क्रूस हे चिन्ह मानणारे ख्रिस्ती होते काय? अनेक विद्वान साशंक आहेत. शिवाय त्याच अक्षरांतून इतरही वाक्ये जुळविली गेली आहेत.

उत्तरात सर्व अक्षरांचा हिशेब लागणे पुरेसे नाही; ते एकमेव असावे आणि रचनाकाराची खूण त्याकडे नेणारी असावी. केवळ आपणांस प्रिय आहे म्हणून उत्तर खरे मानणे, हा सत्याशी प्रामाणिकपणा नव्हे.