पहिल्या केमोबरोबरच

‘आता करण्यासारखं काही उरलेलं नाही. घरी न्या, सेवा करा.’ कॅन्सर झालेल्या घरात ज्या दिवशी हे ऐकावं लागतं, त्याच दिवशी अनेकांच्या कानावर ‘पॅलिएटिव्ह केअर’, म्हणजे वेदना आणि त्रास हलका करणारी शुश्रूषा, हे नाव पहिल्यांदा पडतं. मग त्याची सांगड मरणाशी घातली गेली, तर दोष कुणाला द्यायचा?

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. जेनिफर टेमेल आणि सहकाऱ्यांनी हा क्रमच बदलून पाहिला. फुप्फुसाचा कॅन्सर पसरल्याचं नुकतंच कळलेल्या १५१ रुग्णांचे त्यांनी दोन गट केले. कॅन्सरचे नेहमीचे उपचार दोन्ही गटांना मिळाले. एका गटाला मात्र सुरुवातीपासून, महिन्यातून किमान एकदा, पॅलिएटिव्ह केअरचं पथकही भेटत राहिलं. २०१० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नैराश्याची लक्षणं या गटात १६ टक्के, तर दुसऱ्यात ३८ टक्के रुग्णांमध्ये दिसली. अखेरच्या काळातला उपचारांचा भडिमार कमी झाला, तरी या गटाचं आयुष्य मध्यकाच्या हिशेबात ११.६ महिने भरलं, दुसऱ्याचं ८.९. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत आयुष्य असं वाढलेलं दिसलं नाही. तेव्हा आयुष्यवाढीच्या आशेवर हे कुणाच्या गळी उतरवू नये. चार दिवस बरे जाणं हेही कारण पुरेसं आहे.

आपल्याकडे पुरुषांमध्ये तोंडाचा कॅन्सर फार. शेक (रेडिएशन) सुरू झाला की तोंड सोलवटतं, घास गिळवत नाही, नाकातून नळी घालावी लागते. जखम चिघळली तर वास सुटतो. मग माणसाची खाट आतल्या खोलीत सरकते, नातवंडं जवळ येईनाशी होतात. या वासावर मेट्रोनिडाझोलसारखं साधं, स्वस्त औषध उपयोगी पडतं. ते लिहून द्यायला शेवटाची वाट कशाला पाहायची?

वेदनेवरच्या मॉर्फिनचंही तेच. १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने परवान्यांचं असं जंजाळ उभं केलं, की अनेक रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४च्या दुरुस्तीने वाट सोपी झाली, भीती मात्र घरोघरी टिकून आहे. ‘सवय लागेल’ म्हणून वेदना सोसत बसणारे कमी नाहीत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेच्या मानाने डोस ठरवला, तर व्यसनाची शक्यता फार कमी असते. बद्धकोष्ठता मात्र बहुतेकांना होतेच, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत द्यावं लागतं.

सगळ्यात अवघड काम औषधांपलीकडचं. ‘बाबांना काही सांगू नका हं, डॉक्टर,’ असं मुलगा दाराबाहेर सांगतो. आत बाबांनी सगळं ओळखलेलं असतं. मुलाला त्रास नको म्हणून तेही गप्प. ही कोंडी एका भेटीत फुटत नाही. पुढची केमो घ्यायची का, शेत कुणाच्या नावे करायचं, शेवटी घरी राहायचं की दवाखान्यात, हे बोलायला ओळख मुरावी लागते. शुद्ध हरपत आलेल्या माणसाशी ती कशी मुरणार?

मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरसाठी वेगळा विभाग आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून चालू आहे. तिथे सेवा मोफत मिळते आणि घरच्यांना रुग्णाजवळ राहता येतं. उपचारांचा आराखडा ठरत असतानाच आपल्या डॉक्टरांकडे या सेवेसाठी चिठ्ठी मागता येते. मागितल्याने केमो थांबत नाही.