डोमेन नोंदणीची गोपनीयता

डोमेन नोंदणीची गोपनीयता म्हणजे संकेतस्थळाचे नाव नोंदवणाऱ्या व्यक्तीचे नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांक व ईमेल हे तपशील सार्वजनिक नोंदीत उघड होऊ न देण्याची व्यवस्था होय. हे तपशील उघडे राहिल्यास ते गोळा करून विक्रीचे नकोसे दूरध्वनी, लघुसंदेश व फसवी देयके पाठवली जातात.

पार्श्वभूमी

जाळ्यावरील यंत्रणेत बिघाड झाल्यास तिच्या चालकाशी संपर्क साधता यावा, यासाठी 'हूइज' ही शोधप्रणाली निर्माण झाली. तिचे तांत्रिक वर्णन १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे नावांची व्यापारी नोंदणी वाढली, तरी नोंद उघडी ठेवण्याची रीत कायम राहिली. युरोपीय संघाची विदा संरक्षण नियमावली २५ मे २०१८ पासून लागू झाली. त्याआधी, १७ मे रोजी, आयकॅन या नियामक संस्थेने तात्पुरते नियम स्वीकारले आणि बहुतेक वैयक्तिक तपशील झाकले जाऊ लागले. २८ जानेवारी २०२५ पासून .कॉमसारख्या नावांसाठी हूइजची जागा अधिकृतपणे 'आरडॅप' प्रणालीने घेतली.

नकोशा दूरध्वनींशी संबंध

.कॉमसारख्या अनेक प्रकारांतील नावांची संपूर्ण यादी रीतसर मागणी केल्यास मिळते. लागोपाठच्या दोन दिवसांच्या याद्या पडताळल्या की नवी नावे कळतात. त्यांतील उघड्या नोंदींमधून क्रमांक मिळतात. त्यामुळे नोंदणीनंतर लगेच संकेतस्थळ किंवा बोधचिन्ह करून देण्याचे प्रस्ताव सुरू होतात. नोंदणीची मुदत संपण्याची तारीख गोपनीयता घेतली तरी दिसते. तिचा आधार घेऊन नूतनीकरणाची खोटी देयके पाठवता येतात.

प्रकार

प्रतिनिधी सेवेत नोंदीवर सेवादात्या कंपनीचेच नाव नोंदणीधारक म्हणून येते. गोपनीयता सेवेत नाव धारकाचे राहते, मात्र संपर्काचे तपशील सेवादात्याचे असतात. खोटी माहिती देणे हा पर्याय नव्हे; त्यामुळे नाव निलंबित वा रद्द होऊ शकते. खरी माहिती निबंधक कंपनीकडे राहते व कायदेशीर मागणीनंतर तपासयंत्रणांना मिळू शकते.

भारतातील स्थिती

.इन व .भारत या नावांचे व्यवस्थापन निक्सी ही संस्था करते. देवनागरीतील .भारत २०१४ मध्ये सुरू झाले. .इन नावांसाठी प्रतिनिधी सेवा वापरण्यास परवानगी नाही. मात्र सार्वजनिक नोंदीत व्यक्तीचा पत्ता व दूरध्वनी झाकलेले असतात, राज्य व देश तेवढे दिसतात. त्यामुळे साताऱ्याचा आणि सांगलीचा नोंदणीधारक दोघेही तेथे केवळ 'महाराष्ट्र' एवढ्याच ओळखीने दिसतात. 'संस्था' या रकान्यातील मजकूर मात्र उघड होऊ शकतो. तेथे स्वतःचे पूर्ण नाव लिहिल्यास गोपनीयतेचा हेतू निष्फळ होतो.

सांगलीतील हळदीचा वा तासगावच्या बेदाण्याचा लहान व्यापारी, महाबळेश्वर-पाचगणीतील घरगुती निवासाचा चालक यांच्यासाठी हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. अशा व्यवसायांत अनेकदा मालकाचा मोबाइल क्रमांकच ग्राहकांचा, बँकेचा आणि कुटुंबाचाही क्रमांक असतो. अनोळखी दूरध्वनी टाळावेत तर गिऱ्हाईक जाते, घ्यावेत तर फसवणुकीची शक्यता वाढते. नोंदणीसाठी स्वतंत्र क्रमांक व ईमेल ठेवल्यास ही अडचण कमी होते.

कायदा व तक्रार

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ हा व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या विदेला लागू होत नाही. म्हणून व्यापाऱ्याने आपल्या संकेतस्थळावर छापलेल्या क्रमांकाला त्याचे संरक्षण मिळत नाही. तेथे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे (ट्राय) २०१८ चे विनियम उपयोगी पडतात. १९०९ या क्रमांकावर व्यापारी दूरध्वनी नाकारण्याची पसंती नोंदवता येते. फेब्रुवारी २०२५ मधील दुरुस्तीने नोंदणी नसलेल्या विक्रेत्यांविरुद्ध अशी पसंती आधी न नोंदवताही तक्रार करता येते. तक्रारीची मुदत ३ वरून ७ दिवस करण्यात आली आहे. फसवणुकीचा संशय असलेला दूरध्वनी 'संचार साथी'वरील 'चक्षू' सुविधेत कळवता येतो. पैसे गेले असल्यास १९३० या सायबर मदतक्रमांकावर तत्काळ संपर्क साधावा लागतो.

मर्यादा

एकदा उघड झालेले तपशील नंतर झाकले, तरी जुन्या नोंदींच्या प्रती साठवणाऱ्या खाजगी संग्रहांत ते राहतात. म्हणून नाव नोंदवतानाच घेतलेली गोपनीयता नंतर घेतलेल्या गोपनीयतेपेक्षा अधिक परिणामकारक ठरते.