ई-लोडरवर लाइट, चार्जर आणि हवेचा पंप चालवायचाय? एकाच बॅटरीला वायर जोडू नका



आपल्यातल्या बऱ्याच जणांनी भाजी, दूध, खताच्या गोण्या नेण्यासाठी बॅटरीवरचा तीनचाकी लोडर घेतलाय. गाडी घरी आली की डोक्यात येतंच, एवढ्या मोठ्या बॅटऱ्या आहेत तर रानात लाइट, मोबाइल चार्जर, फवारणी पंपाचं चार्जिंग आणि टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप याच्यावर का चालवू नये? चालवता येतो. पण गेल्या काही दिवसांत अशा गाड्यांच्या ज्या तक्रारी आल्या, त्यात एक गोष्ट सारखीच दिसली. गाडी पूर्वी एका चार्जिंगमध्ये बाजार करून परत यायची, आता परतीच्या वाटेवरच दम सोडते. मीटर लावून पाहिलं तर चारपैकी एकच बॅटरी बसलेली. आणि पंपाची वायर नेमकी त्याच बॅटरीला.

असं का होतं ते आधी समजून घ्या, मग उपाय पटेल.

बहुतेक लोडर 48 व्होल्टचे असतात. 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकीला एक जोडून 48 होतात. (मोठ्या रेल्वे स्टेशनवर म्हाताऱ्या माणसांना नेणारी बॅटरीची गाडी, गोल्फच्या मैदानावरची गाडी, यांचंही गणित साधारण असंच.) लाइट आणि पंप 12 व्होल्टचे, म्हणून मिस्त्री सोपा मार्ग काढतो: शेवटच्या एका बॅटरीच्या दोन टोकांना वायर. लगेच चालतं, खर्च शून्य.

हे म्हणजे नांगराला चार बैल, त्यातल्या एकालाच संध्याकाळी परत गाडीला जुंपायचं आणि वैरण मात्र चौघांना मोजून सारखीच टाकायची. चार्जर चारही बॅटऱ्यांमधून एकच करंट सोडतो आणि फक्त एकूण व्होल्टेज बघतो. समजा तो 58 व्होल्टच्या आसपास थांबतो. भरलेल्या तिघी 15 व्होल्टला पोचतात, उपाशी असलेली 13 वरच असते, पण बेरीज 58 झाली की चार्जरला वाटतं काम झालं. रोज हेच. तिघींचं पाणी उकळून उडतं, चौथी कधीच पूर्ण भरत नाही, तिच्या प्लेटा कडक होतात. आणि गाडी सगळ्यात कमजोर बॅटरीएवढीच पळते. एकच नवी बॅटरी टाकूनही भागत नाही, कारण जुन्या तिघींशी तिचं जमत नाही. शेवटी पूर्ण सेटचा पाच आकडी खर्च येतो.

उपाय म्हणजे डीसी-टू-डीसी कन्व्हर्टर. तो पूर्ण 48 व्होल्टवर लागतो आणि 12 व्होल्ट देतो, त्यामुळे चौघींवर सारखा भार पडतो. गाडीत हॉर्न-लाइटसाठी कंपनीचा एक छोटा कन्व्हर्टर बहुधा आधीच असतो; त्याच्यावर हवेचा पंप लावू नका, तो त्यासाठी नाही. वेगळा घ्या.

किती मोठा? कारचा छोटा हवेचा पंप 10 अँपिअरच्या आसपास घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट ओढतो. म्हणून 20 अँपिअरचा कन्व्हर्टर घ्या. 10 चा घेतला तर पंप सुरूच होणार नाही, नुसता टकटक करेल. पाटीवर इनपुट 60 व्होल्ट किंवा त्याहून जास्त चालतं असं लिहिलेलं पाहिजे, कारण चार्जिंगला लावल्यावर 48 ची गाडी 58 पर्यंत जाते. आउटपुट 13.8 व्होल्टचं मिळालं तर उत्तम. कारचे पंप त्याच व्होल्टेजसाठी बनवलेले असतात. फवारणी पंपाची बॅटरी मात्र थेट कन्व्हर्टरला जोडून ठेवू नका, तिच्या 12 व्होल्टवर चालणाऱ्या चार्जरमधूनच भरा.

गाडी किती कमी पळेल? फारशी नाही. पंप चालू असताना 48 व्होल्टच्या बाजूने साधारण 3 अँपिअर जातात. पंधरा मिनिटं हवा भरली तर पाऊण अँपिअर-तास. 100 अँपिअर-तासाच्या सेटमध्ये हे शंभरातला एक भागही नाही.

आता फ्यूज, इथेच सगळे चुकतात. बॅटरीच्या प्लस टोकापासून वीतभर अंतरात फ्यूज पाहिजेच. वायर घासून बॉडीला टेकली तर या बॅटऱ्या शेकडो अँपिअर सोडतात, सीटखाली आग लागायला क्षण पुरतो. पण दुकानात मिळणारा कारचा पत्तीचा फ्यूज 32 व्होल्टपर्यंतचाच असतो, 48 वर तो वितळला तरी आत ठिणगी चालू राहू शकते. त्यापेक्षा सौर पंपाच्या पेटीत असते तशी डीसीची एमसीबी, 10 अँपिअरची, लावा. तोच तुमचा स्विचही होईल. घरातलं साधं बटण डीसीवर लावू नका. आणि पंप वापरून झाला की एमसीबी खाली पाडा, रिकामा कन्व्हर्टरही थोडी थोडी बॅटरी खातो.

कन्व्हर्टर पंपाच्या जवळ बसवा, बॅटरीजवळ नाही. 48 च्या बाजूला करंट कमी, तिथली वायर लांब असली तरी चालते. 12 च्या बाजूला 1 चौरस मिलिमीटरची तीन मीटर वायर टाकली तर एक व्होल्ट वायरमध्येच जातो. 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची, शक्य तेवढी आखूड घ्या. ट्रॅक्टरला बॉडी मायनस असते, इथे तसं धरू नका. मायनसची वायर वेगळी बॅटरीपर्यंत न्या. काम करताना चार्जर काढलेला, मेन स्विच बंद, हातातलं कडं-अंगठी काढलेली, पान्याच्या दांड्याला टेप गुंडाळलेला. बॅटरी चार्ज होताना निघणारा गॅस पेट घेतो, तिथे बिडी नको.

हा पंप काय करेल हेही स्पष्ट सांगतो, नाहीतर नंतर शिव्या आम्हाला. मोटारसायकल, लोडर, ट्रॅक्टरचं पुढचं चाक आरामात. मागच्या मोठ्या टायरमध्ये अडीचशे लिटरच्या आसपास हवेची जागा असते आणि हा पंप मिनिटाला जेमतेम तीस लिटर देतो. पूर्ण बसलेला टायर भरायला वेळ लागेल, मध्ये पंपाला थंड होऊ द्या. ऊसतोडीला निघणाऱ्या मंडळींच्या टायरगाडीला अड्ड्यावर पहाटे हवा मारायला मात्र तो फार कामाचा. जास्तीत जास्त दाब किती चालतो ते टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं.

गॅरेजमधला दोन एचपीचा टाकीवाला कॉम्प्रेसर इन्व्हर्टर लावून लोडरवर चालवायचा विचार काहींनी विचारला. नको. चालताना चाळीस आणि सुरू होताना दीडशेच्या वर अँपिअर ओढेल.

गाडीत लिथियम बॅटरी असेल तर तिचा डबा उघडून मधून कुठेच वायर काढू नका. बाहेरच्या दोन मुख्य टोकांवरच कन्व्हर्टर. आणि वॉरंटी चालू असेल तर वायरिंगला हात लावण्याआधी विक्रेत्याला विचारा.

ज्यांनी आधीच एका बॅटरीला वायर जोडलीय त्यांनी आजच ती काढा. रात्रभर चार्ज करा, चार्जर काढून दोन-तीन तास गाडी उभी ठेवा आणि चारही बॅटऱ्यांचं व्होल्टेज वेगवेगळं मोजा. साधारण 12.7 च्या आसपास सगळ्या सारख्या पाहिजेत. एखादी 12.4 किंवा खाली असेल तर तेवढीच एक 12 व्होल्टच्या चार्जरवर वेगळी भरा, त्याआधी तिची जोडणी सोडवा. आठवड्याने परत मोजा. कंपनीच्या खत गोदामात मल्टिमीटर ठेवलाय, वापरून तिथेच परत ठेवा.

कन्व्हर्टर विकत घेण्याआधी त्याच्या पाटीचा स्पष्ट फोटो याच नंबरवर पाठवा, बघून कळवतो.