आजोबा ‘झोपले’ नाहीत

घरातलं म्हातारं माणूस गेलं की लहानग्यांना ‘आजोबा झोपलेत’ किंवा ‘देवाघरी गेलेत’ असं सांगतात. त्यामागे मायाच असते. पण चार-पाच वर्षांचं मूल शब्द जसाच्या तसा घेतं. मग ते रात्री झोपायला घाबरतं, नाहीतर देवाघरून एसटी कधी येते, असं विचारतं.

मृत्यू म्हणजे शरीराचं काम कायमचं थांबणं. श्वास नाही, भूक नाही, दुखणं नाही. यात मुलांना जड जाते ती अपरिवर्तनीयता (गेलेलं परत न येणं). मारिया नाज यांच्या १९४८ च्या अभ्यासात हंगेरीतली पाच वर्षांच्या आतली मुलंही मृत्यूला झोप किंवा प्रवासच समजत होती. गेलेलं परत येत नाही, ही समज साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान येते.

हे समजावायला जामखेड-कर्जतकडे ज्वारीचं उदाहरण हाताशी असतं. दुपारी मान टाकलेलं ताट पाणी मिळालं की तरारतं. पार वाळलेलं कितीही पाणी घाला, हिरवं होत नाही. झोप आणि मरण यांत असाच फरक.

‘पोरांना दहाव्याला नेऊ नये’ हाही एक समज. सक्ती नकोच, पण मूल यायचं म्हणत असेल, तर प्रवरासंगमच्या घाटावर काय दिसेल ते आधी सांगावं: मुंडण, भाताचे पिंड, कावळ्याकडे डोळे लावून बसलेली माणसं. ‘आजोबा कावळा झाले?’ हा प्रश्न बहुधा येतोच. मी तरी सांगेन, कावळा हा कावळाच; आजोबांची काही इच्छा राहिली का, हे मोठी माणसं अशी विचारतात.