पहिला कॅमेरा कसा निवडावा?

परीक्षांचे निकाल लागले, कीं पुष्कळ घरांतून एक मागणी पुढें येते: "मला कॅमेरा हवा." मागणी करणाऱ्या मुलाला किंवा मुलीला कंपन्यांचीं नांवें तोंडपाठ असतात, परंतु चित्रें कशाचीं काढावयाचीं, असें विचारलें तर उत्तर चटकन येत नाहीं. भिंग बदलतां येणाऱ्या साध्या नव्या कॅमेऱ्याची किंमत आज अर्ध्या लाखाच्या आगेमागें आहे. एवढी रक्कम नोकरदाराच्या घरांतून बाहेर पडावयाची, तर ती विचारानें पडावी, म्हणून आजचें हें भाषण.

दादासाहेब फाळके यांनीं चलच्चित्रांचा कॅमेरा कसा घेतला, तें पाहण्यासारखें आहे. छायाचित्रण ते बडोद्याच्या कलाभवनांत शिकले होते. परंतु १९१२ सालीं ते लंडनला गेले, तेव्हां चलच्चित्रांच्या कामांत ते नवशिकेच होते. वय एक्केचाळीस, पैसा बेताचा. ते प्रथम दुकानांत शिरले नाहींत. 'बायोस्कोप' नांवाचें साप्ताहिक ते वाचीत असत. त्याचे संपादक कॅबोर्न यांना ते जाऊन भेटले. कॅबोर्न यांनीं हेपवर्थ या चित्रनिर्मात्याशीं त्यांची गांठ घालून दिली, आणि जाणत्यांच्या सल्ल्यानें फाळक्यांनीं ५० पौंडांचा विल्यमसन कॅमेरा घेतला. मुंबईस परतल्यावर त्यांनीं कुंडींत वाटाणा लावला आणि त्याचें वाढणें दररोज थोडें थोडें टिपून एक लहानसा चित्रपट केला. तो पाहून भांडवल देणारा मिळाला, व ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. ज्याला आपणांस कांहींच विकावयाचें नाहीं, अशा जाणकाराला आधीं विचारावें, हें मला या हकीकतींत विशेष वाटतें. आपल्या ओळखींत लग्नकार्याचीं छायाचित्रें काढणारा कोणी असेलच; दुकानाच्या पायऱ्या चढण्यापूर्वीं त्याच्याकडे चहाला जावें.

आतां मूळ प्रश्न, चित्रें कशाचीं? घरचीं माणसें, वाढदिवस, सहली एवढेंच हवें असेल, तर मी स्पष्टच सांगतों, कीं कॅमेरा घेऊं नये. हातांतला मोबाईल पुरेसा आहे. सहा महिने त्यावरच चित्रें काढावीं. त्यानंतरही मोबाईल अपुरा पडतो असें वाटलें, आणि कोठें अपुरा पडतो हें सांगतां आलें, म्हणजे मगच पैशाची गोष्ट काढावी.

तो अपुरा कोठें पडतो? आपल्या नागपुरांतलेंच उदाहरण घेऊं. तान्ह्या पोळ्याच्या दिवशीं इतवारींतून काळी आणि पिवळी मारबत निघते. दिवस पावसाळ्याचे, आकाश बहुधा झांकोळलेलें, गल्ल्या अरुंद, आणि गर्दी एक क्षणही स्थिर नाहीं. येथें कसोटी लागते ती प्रकाशाची. आणि प्रकाश आंत घेण्याचें काम कॅमेऱ्याच्या पेटीपेक्षां तिच्यावरील भिंगाचें, म्हणजे लेन्सचें, अधिक. भिंगावर १.८, ३.५, ५.६ असे आंकडे असतात. आंकडा जितका लहान, तितकें प्रकाशाचें द्वार मोठें. कॅमेऱ्याबरोबर सामान्यतः १८ ते ५५ मिलिमीटरचें जें भिंग मिळतें, तें ५५ वर नेलें कीं त्याचें द्वार ५.६ च्या पलीकडे उघडत नाहीं. १.८ चें भिंग त्याच्या साडेनऊपट प्रकाश आंत घेतें. वर्गाची एक खिडकी उघडी असणें आणि नऊदहा उघड्या असणें, एवढा हा फरक आहे. पहिल्या भिंगानें सेकंदाचा तिसावा भाग लागत असेल, तर दुसऱ्यानें अडीचशेवा भाग पुरतो. नाचणाऱ्या पोराचा चेहरा पहिल्यांत फरकटतो, दुसऱ्यांत रेखीव उतरतो.

म्हणून माझा सल्ला असा, कीं पैसे वांचवावयाचे तर पेटींत वांचवावे, आणि १.८ चें एक स्थिर भिंग घ्यावें. पुष्कळजण ५० मिलिमीटरचें सुचवितात, कारण तें स्वस्त असतें. परंतु नवशिक्यांच्या बहुतेक कॅमेऱ्यांतील प्रकाशग्राही पट्टी, जिला सेन्सर म्हणतात, ती ३६ बाय २४ मिलिमीटरची नसून सुमारें २३.५ बाय १५.६ ची असते. तिच्यावर ५० चें भिंग ७५ सारखें वागतें; गल्लींत मागें सरकावयास भिंत आडवी येते आणि मारबतीचें डोकेंच चौकटीबाहेर राहतें. अशा वेळीं ३५ चें भिंग बरें. तें थोडें महाग पडतें, पण उपयोगीं पडतें. ही पट्टी लहान म्हटली, तरी बहुतेक मोबाईलमधील पट्टीच्या कितीतरी पट मोठी असते, आणि संध्याकाळच्या अंधुक प्रकाशांत तो फरक डोळ्यांना दिसतो.

मेगापिक्सेलच्या आंकड्यांना मात्र भुलूं नये. ए-४ आकाराच्या कागदावर इंचाला ३०० ठिपके या उत्तम प्रतीनें छापावयाचें, तर सुमारें ८७ लाख ठिपके पुरतात. आजकाल २ कोटी ४० लाखांचा कॅमेरा सामान्य समजला जातो. त्याहून अधिकासाठीं पैसे मोजणें म्हणजे दोन माणसांच्या घरांत पन्नास पानांची परात आणणें.

अंबाझरीचे पक्षी किंवा ताडोब्याचा वाघ टिपण्याची हौस असेल, तर ४०० मिलिमीटरच्या आसपासचें भिंग लागतें, आणि तें पेटीहून महाग असूं शकतें. आरंभीं त्या वाटेला जाऊं नये.

जुना कॅमेरा घ्यावा काय? अवश्य घ्यावा. मोठ्या कंपन्या आतां आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळल्या आहेत. त्यामुळें आरशाचे चांगले कॅमेरे दुसऱ्या हातानें बरेच स्वस्त मिळतात, आणि शिकण्यासाठीं त्यांत कांहीं उणें नाहीं. घेतांना शटरची किती वेळां उघडझाप झाली, हें विचारावें. साध्या कॅमेऱ्यांचें शटर सुमारें एक लाख चित्रांच्या हिशेबानें केलेलें असतें. भिंग काढून दिव्यासमोर धरावें व आरपार पाहावें. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या, तर ती बुरशी होय. असें भिंग फुकट मिळालें तरी घेऊं नये. हातांत धरून वजनही पाहावें. जो कॅमेरा जड म्हणून कपाटांत राहतो, त्याची किंमत कितीही असो, चित्र त्यांतून निघत नाहीं.

आपल्याकडे वैशाखांत पारा ४५ अंशांच्या वर चढतो. उन्हांतल्या बंद मोटारींत कॅमेरा क्षणभरही ठेवूं नये. पावसाळ्यांत चामड्याच्या पिशवींत तो गुंडाळून ठेवला, तर दमटपणा धरून बुरशी येते. त्यापेक्षां घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा. पुडींतले निळे खडे गुलाबी झाले, म्हणजे ती बदलावी.