बंदूक कपाटात, कुत्रं अंगणात

दसऱ्याला पारोळ्याजवळ आबांच्या मळ्यात गेलो की एक गोष्ट ठरलेली असते. कोयता, विळा, फवारणीचा पंप यांच्या रांगेत आबा कपाटातली बारा बोअरची दुनळी आणून ठेवतात. हळद-कुंकू लावतात, झेंडूचं फूल वाहतात. पण त्याआधी बंदूक मोडून दोन्ही नळ्यांतून आभाळाकडे बघून घेतात. काडतुसं दुसऱ्या खोलीत, दुसऱ्या कुलपात. त्या कुलपाची किल्ली आबांच्या करगोट्याला. इतक्या वर्षांत ही बंदूक चोरावर नुसती रोखल्याचंही मी ऐकलेलं नाही. विचारलं की म्हणतात, "बंदूक से, पन राखन कुत्राच करस."

मळ्यात राहणाऱ्याची भीती गावात राहणाऱ्याला कळायची नाही. रात्री विहिरीवरची केबल कापून नेतात. कापूस घरात आला की दाराची कडी दोनदा तपासली जाते. वर डुकरं आणि बिबट्या. २०१७ साली चाळीसगाव तालुक्यात बिबट्यानं माणसं मारायला सुरुवात केली, तेव्हा गिरणेकाठची गावं दिवस मावळला की दारं लावून बसत होती. डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली. त्या काळात तालुक्यातल्या बऱ्याच जणांनी बंदुकीच्या परवान्याची चौकशी केली असेल, तर नवल नाही.

परवाना देतात जिल्हाधिकारी. वय २१ पूर्ण हवं. पोलीस चौकशी करतात. २०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे शस्त्र हाताळायचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो. डॉक्टरांचा दाखला लागतो आणि त्यात मनाची प्रकृती आणि नशेची सवय यांबद्दलही लिहावं लागतं. अर्ज नाकारला तर विभागीय आयुक्तांकडे, म्हणजे आपल्याला नाशिकला, अपील. शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. हवेत बार काढून वरात गाजवणाऱ्यांसाठीही त्याच दुरुस्तीत कलम आलं. लग्नात किंवा मिरवणुकीत बेफिकिरीनं गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्याकडच्या काही वराती डोळ्यांसमोर आल्या आणि वाटलं, हे कलम उशिराच आलं.

परवाना मिळाला म्हणजे गोळी झाडायची मुभा मिळाली, असं पुष्कळांना वाटतं. परवाना बंदूक बाळगण्यापुरता असतो. गोळी कधी झाडता येईल ते भारतीय न्याय संहितेत आहे, कलम ३४ ते ४४. हे वाचायला अर्धा तास पुरतो, तरी दहा बंदूकवाल्यांत एकानंही वाचलेलं नसतं. जिवाची किंवा गंभीर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची, ॲसिड हल्ल्याची वाजवी भीती असेल, तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. रात्री घर फोडून आत शिरणाऱ्याच्या बाबतीतही कायदा तितकाच पुढे जातो. पण विहिरीवरची केबल ही नुसती चोरी. केबल घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर आरोपीच्या पिंजऱ्यात शेतकरीच उभा राहील. पोलिसांना बोलवायला वेळ होता का, गरजेपेक्षा जास्त इजा केली का, हे दोन प्रश्न न्यायालय विचारतंच. आणि बचाव होता हे दाखवायची जबाबदारी गोळी झाडणाऱ्यावर असते.

कायदा इतकाही कठोर नाही म्हणा. दर्शन सिंग खटल्यात २०१० साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की अंगावर आलेल्या माणसानं पळ काढलाच पाहिजे असं नाही, आणि त्या क्षणी त्याचं पाऊल सोनाराच्या काट्यावर तोलूही नये. फक्त भीती वाजवी हवी.

हा 'वाजवी' शब्द मला राईनपाड्याकडे नेतो. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातलं ते गाव, आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज कित्येक दिवस मोबाइलवर येत होते. जमावानं पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जिवे मारलं. मारणाऱ्यांतल्या कित्येकांना वाटत असणार, आपण आपली पोरं वाचवतोय. भीती खरी होती, पण तिला आधार काहीच नव्हता. हातात बंदूक नसताना हे झालं. मनाची तयारी म्हणतात ती नेमकी इथे लागते. बार टाकायचं धाडस पुष्कळांकडे असतं. समोर कोण आहे, तो काय करतोय आणि मला हे कुणी सांगितलं, एवढं विचारून घेण्याइतका वेळ स्वतःला देणं मात्र जमत नाही. आबा लष्करात होते, त्यांना जमतं. ते म्हणतात, रात्री आवाज आला की आधी बाहेरचा दिवा लाव, खाकरून विचार, मग ११२ला फोन लाव, दार मात्र उघडू नको.

परवान्याची कटकट नको म्हणून आडमार्गानं जाणारे आहेतच. चोपडा तालुक्याला लागून, मध्य प्रदेशच्या हद्दीत उमर्टी आहे. पिढ्यान्‌पिढ्या शस्त्रं घडवणाऱ्या कारागिरांचं हे गाव आज गावठी कट्ट्यांसाठी ओळखलं जातं. २०२५च्या फेब्रुवारीत तिथं गेलेल्या चोपड्याच्या पोलीस पथकावर हल्ला झाला, एका पोलिसाला पळवून नेलं. असा कट्टा विनापरवाना बाळगला तर किमान दोन वर्षांची कैद. जीव वाचवायला तो चालवला, तर बचावाचा मुद्दा कदाचित टिकेलही; पण आर्म्स ॲक्टचा गुन्हा वेगळा लागायचा तो लागतोच. शिवाय त्याची नळी हातातच फुटणार नाही याची हमी कोण देणार?

तसं खानदेशात बंदूक कुणाच्या हाती असावी, हा झगडा जुना. १८२५ साली धरणगावात आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्यानं भिल्लांचं पथक उभं केलं. ज्यांना सरकार लुटारू म्हणत होतं, त्यांच्याच हाती बंदुका देऊन खानदेश राखायला लावलं. पुढे १८५७-५८मध्ये खाज्या नाईकांसारख्या भिल्ल नायकांनी इंग्रजांवरच शस्त्र उचललं. १८७८च्या शस्त्र कायद्यानं परवान्याची सक्ती आणली, आणि १९५९ साली त्या जागी आजचा कायदा आला.

कलमांपलीकडची एक गोष्ट आमच्या वकील मित्रानं सांगितली. गोळी झाडावी लागलीच, तर बंदूक रिकामी करून बाजूला ठेवा. ११२ला स्वतः फोन करा. पडलेला चोर असला तरी त्याच्यासाठी ॲम्ब्युलन्स मागवा. जागेवरचं काही हलवू नका, पळून जाऊ नका. मग वकिलाला बोलवा. आणि जमलेल्या गर्दीपुढे भाषण करू नका, हेही त्यानं दोनदा बजावलं.

२०२४चा दसरा १२ ऑक्टोबरला झाला. तीनच दिवसांनी विधानसभेची आचारसंहिता लागली आणि शस्त्र जमा करा, असा निरोप आबांना आला. झेंडूच्या पाकळ्या पुसून दुनळी ठाण्यात गेली. पावती आबांनी पंचांगात घडी करून ठेवली. निकालानंतर बंदूक परत आली तेव्हा मी तिथंच होतो. काकू चहा गाळत म्हणाल्या, "कपाट रिकामं होतं तवा पोरांच्या पोरांना त्या खोलीत खेळू देत होते." आबांनी काही उत्तर दिलं नाही. बंदूक मोडली, दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे बघितलं आणि कपाटाला कुलूप लावलं.