इंद्रवेल्लीसारख्या डोंगराळ भागात स्वस्त ड्युअल-बँड रेडिओ घेताना

हॅम (हौशी रेडिओ) मित्रांनो, उटनूर रस्त्यावरच्या आमच्या डोंगर-जंगलात, केस्लापूरच्या नागोबा जत्रेच्या परिसरात गाडीत रेडिओ लावायचा तर कुठला घ्यावा?

📻 पॉवर: 25 वॉटचा छोटा सेट (उदा. क्यूवायटी केटी-8900) खिशाला परवडतो. 50 वॉटचा यासू एफटीएम-6000आर दणकट आहे, पण महाग. दुप्पट पॉवर म्हणजे फक्त 3 डेसिबल. समोरच्याला फरक जेमतेम जाणवतो. शिवाय 50 वॉटला बॅटरीतून 10 अँपिअरहून जास्त करंट लागतो.

📡 अँटेना: वाचलेले पैसे इथे घाला. गाडीच्या टपावर मधोमध सुमारे 50 सेंटिमीटरची दांडी लावली, की ती 145 मेगाहर्ट्झवर पाव तरंगलांबीची ठरते आणि 435 वरही चालते. घरी 15 मीटर आरजी-58 केबल टाकलीत, तर यूएचएफची (435 मेगाहर्ट्झच्या बँडची) निम्म्याहून जास्त पॉवर केबलच खाते.

🌳 बँड: झाडीत व्हीएचएफ (145 मेगाहर्ट्झचा बँड) सरस. यूएचएफचा खरा उपयोग उपग्रहांसाठी. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा रिपीटर चालू असतो तेव्हा 145.990 वर 67 हर्ट्झ टोनसह बोला, 437.800 वर ऐका. म्हणून दोन बँडांवर वेगळी फ्रिक्वेन्सी ठेवता येते का, हे दुकानातच तपासा.

माझं मत: साधा 25 वॉटचा सेट आणि उत्तम अँटेना.

भारतात आपल्याला 144–146 आणि 434–438 मेगाहर्ट्झ मिळतात. वयाची 12 वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परवान्याची परीक्षा देता येते. आधी परवाना काढा, मगच रेडिओ घ्या!